आप्पांचा सोमवार

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला पण न्हाई. तुमाला सांगायलेय, पटापट टाइप करायलेय, कारण थांबले तर सगळं पुसून टाकीन—

आमचं युसूफ वडगावला किराणा दुकान. आप्पा, म्हंजे माझे वडील, दिवसभर गल्ल्यावर. लग्नाआधीची गोष्ट. जेवताना त्यांच्या गळ्यातून गुडगुड आवाज यायला लागलता. घास अडकायचा. सकाळी खाल्लेली भाकर दुपारी तशीच तोंडात यायची. वास यायचा. आई म्हणायची, पित्त हाय. आणि मी? मी माझं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. पण ते न्हाई सांगायचं मला. म्हंजे ते पण— पण ते बारीक हाय.

मला बघायला केजहून पाहुणे आलते. सोमवार होता. आमच्याकडं पोरीच्या बापानं पाहुण्यांसोबत जेवायला बसायचंच, न्हाई तर त्यांना राग येतो. आप्पा नवा सदरा घालून बसले. लई खूश. भाकर मोडली, वरणात बुडवली— आणि मला वाटलं, आता गुडगुडणार, आता बाहेर येणार, आता ही माणसं उठून जाणार. मला पोरगा आवडलता. लई आवडलता.

मी ताट उचललं. त्यांच्या पुढून. हसत हसत म्हणले, "आप्पा, आज तुमचा सोमवार न्हाई का?"

आमी महादेवाची माणसं, पण आप्पांनी जन्मात उपास धरला न्हवता. भूक सहनच व्हायची न्हाई त्यांना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. घास हातातच.

"इसरलोच की बघा," म्हणले.

सासरे तिथंच खूश. असा सोयरा कुठं मिळतो, म्हणले. जमलं.

तवापासून आप्पा खरंच सोमवार धरायला लागले. नका धरू, एवढंच म्हणायचं होतं ना मला? कोण बघायला येणार होतं? उलट आईला मीच बजावलं, लग्न होईपर्यंत दवाखान्याचं नाव काढू नको, घरात रोग हाय म्हणतील. लग्नात तोच सदरा त्यांच्या अंगावर लोंबत होता.

मग घशातलं छातीत उतरलं. ताप, न्यूमोनिया. अंबाजोगाईला नेलं. पांढरं औषध पाजून फोटो काढला. अन्ननळीच्या तोंडाशी एक पिशवी झालती, घास तिच्यात जाऊन बसायचा. इतके दिवस का थांबलात, डॉक्टरनी विचारलं. दुकान सुटत न्हाई, आप्पा म्हणले. मी शेजारीच उभी होते. मोबाइल बघत.

पुढं मोठ्या दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घालून पिशवी आणि नळीच्या मधला पडदा कापला. बाहेरून एक टाका न्हाई. आता आप्पा भाकर-ठेचा खातात, काही अडकत न्हाई. सासरे भेटंल त्याला सांगतात, सोमवारांनी वाचवलं.

परवा माहेरी गेलते, नवऱ्याला घेऊन. वाढायला मीच घेतलं. आप्पांपुढं ताट ठेवलं. त्यांनी वरून हात आडवा धरला.

"आज सोमवार हाय, बाळा."

नवरा शेजारीच बसलेला. बोलता आलं असतं मला.

मी ताट उचललं.