शेकोटीवरचा थर्मास

आमच्या इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ग्रुपचे किस्से सिंकखाली कोंबलेल्या कॅरियर बॅगांसारखे आहेत. एक ओढायला जावं तर सोबत पाच बाहेर येतात. ग्रुप तसा चौघांचाच. मी, माझ्याच ऑफिसातला मिलिंद, सत्तरच्या दशकात इथे आलेले देशमुखकाका आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलगी रिया. ती शाळेत फिजिक्स शिकवायची. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला आम्ही महिन्यातून एकदा कुठेतरी डोंगरात चालायला जायचो. मेकॅनिकलची डिग्री ग्रुपमध्ये फक्त माझ्याकडे होती. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

*

मी स्टीलचा नवा थर्मास घेतला, त्यानंतरची पहिलीच टेकडी. वर वारा असा की कान बधिर झालेले, आणि थर्मासचं झाकण उघडेना. मी जोर लावला, मिलिंदने लावला, काकांनी रुमाल गुंडाळून लावला. मग मी आतली हवा थंड झाली की प्रेशर कसं घटतं, ते समजावून सांगायला घेतलं. दहा मिनिटं तरी बोललो असेन.

शेजारच्या बाकावर कुत्रा घेऊन बसलेल्या एका आजीबाईंनी सगळं शांतपणे पाहिलं. मग थर्मास मागून घेतला, झाकणावरचं बटण दाबलं आणि कपात चहा ओतला.

"नाइस अँड हॉट," म्हणाल्या. पहिला कप त्यांनीच संपवला.

*

वेल्समधल्या कॅम्पसाइटवर शेकोटीची जबाबदारी मिलिंदने घेतली होती. आग कशी पेटवावी, याची चार पानं त्याने ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणली होती. लाकडं ओली. तासभर नुसता धूर. शेवटी पेट घेतला तो त्या चार पानांनी.

काकांनी विचारलं, "चौथं पान वाचलं होतंस का रे?"

"नाही काका."

"विझवायचं कसं, ते त्यावर असणार."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की मी आणलेला गॅसचा सिलिंडर आमच्या शेगडीला बसतच नाही. थर्मासमध्ये आदल्या दिवशीचा चहा होता, पण कोमट. शेकोटीत निखारे होते. "स्टीलच तर आहे," मी म्हणालो आणि थर्मास उचलला.

"दादा, ती थर्मास आगीवर नाही ठेवायची," रिया म्हणाली.

"ती नाही. तो थर्मास."

"ओके. पण त्याला दोन वॉल्स असतात, आणि मधली गॅप सील्ड असते. त्यात थोडं जरी काही राहिलं असेल, तर गरम झाल्यावर ते जाणार कुठे? साधी सिंगल वॉलची बाटली असती, झाकण काढून, तर चाललं असतं."

"झाकण काढलंय की मी," मी म्हणालो. तिने गॅपबद्दल सांगितलं होतं आणि मी तिला झाकणाबद्दल उत्तर दिलं. तेही अगदी आत्मविश्वासाने.

पाच-सात मिनिटांत बाहेरचा पत्रा निळा-काळा पडला. आत बोट बुडवून पाहिलं, तर चहा तसाच कोमट. "थर्मास आपलं काम चोख करतोय," मिलिंद म्हणाला. मी अजून जवळून बघायला वाकलो. तेवढ्यात रियाने माझी कॉलर धरून मला मागे खेचलं आणि मी गवतावर आपटलो. ओरडणार होतो तिच्यावर, पण आधी आवाज झाला.

राख खाली बसली तेव्हा थर्मासचं बूड काकांच्या फोल्डिंग खुर्चीच्या पाठीत रुतलेलं दिसलं. काका मिनिटभरापूर्वीच तोंड धुवायला उठले होते. ते टॉवेल घेऊन परत आले, खुर्चीकडे बघत उभे राहिले आणि रियाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तो थर्मास," ती एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "फुटला."

तिचं व्याकरण मी पुन्हा कधी सुधारलं नाही.

*

त्या थर्मासवर लाइफटाइम गॅरंटी आहे, हे मिलिंदने पुढच्या आठवड्यात शोधून काढलं. मीही गेलो. दुकानातल्या मॅनेजरसमोर पिशवी ठेवली आणि म्हणालो, "यात चहा गरम राहत नाही."

त्यांनी थर्मास बाहेर काढला. काळा ठिक्कर, खालून उमललेला. बूड वेगळं काढून शेजारी ठेवला. वरून डोळा लावून आरपार माझ्याकडे पाहिलं. तक्रारीचा फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, ते परत लावलं.

मग काउंटरवर थोडे पुढे वाकून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

"सर, तुम्ही स्वतः कसे आहात?"