वावाने मोजलेलं देऊळ

जुन्या इमारतींची मापं वहीत टिपायचा मला नाद आहे. त्यापायी मी जेसल पार्कातून उठून तारोडीला जातो, तिथलं पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च बघायला. गावातले लोक त्याला देऊळच म्हणतात, आणि तिथे गेलं की गावातले एक म्हातारे काका भेटतातच. त्यांनी आयुष्यभर मासेमारी केली. जाळ्याची दोरी असो की देवळाची भिंत, ते मोजणार वावानेच. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर.

पोट भिंतीला, गाल भिंतीला, हात पसरलेले. असे ते दारापासून वेदीपर्यंत चिंबोरीसारखे आडवे सरकत जातात. गालाला लागलेला चुना पुसत नाहीत. तो मोजल्याचा पुरावा. देऊळ किती जुनं, असं विचारलं तर म्हणतात, "ते भायेर पाटीवर हाय. मला मापाचं इचार."

गेल्या वर्षी भिंत दहा वाव भरली होती. परवा साडेदहा भरली.

"बघ, देऊळ वाढलंय."

त्यांचा उजवा हात आता कोपरात सरळ होत नाही, हे मला दिसत होतं. मी टेप लावला. माप गेल्या वर्षीचंच.

"काका, टेप तर तेवढंच दाखवतोय."

"टेपाला काय कळतंय? एवढ्या लोकांची गाऱ्हाणी पोटात घेतलीन त्यानं. वाढणार न्हाय तर काय?"

खांदा चोळत ते माझ्या वहीकडे बघत उभे राहिले. मी टेप गुंडाळला आणि लिहिलं: लांबी साडेदहा वाव. देऊळ अजून वाढतंय.