वाचनालयाचं मशीन आणि भरलेला टँकर

माझ्यामुळे एका अख्ख्या दुष्काळी गावानं टँकरचं पाणी नाकारलं होतं. हसू नका. चहा घ्या, पूर्ण ऐका, मग काय हसायचं ते हसा.

बी.ए. झाल्यावर मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात लागले. गाव तलवाड्याकडचं. वाचनालय सोसायटीच्या खताच्या गोदामावर, लोखंडी जिन्यानं वर. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. मागून कुणी नुसतं 'ताई' म्हटलं तरी हातातलं पुस्तक खाली पडतं. अशा माणसाच्या ताब्यात आरोग्य केंद्रानं बीपी मोजायचं मशीन दिलं!

कल्पना चांगली होती. एरवी पेपर वाचायला म्हातारे बाप्येच यायचे. मशीनच्या निमित्तानं बाया येतील, आरोग्याची पुस्तकं चाळतील, शाळेत शिकलेलं विसरल्या असतील त्या पुन्हा वाचायला लागतील.

आणि बाया आल्या. पण कधी? टँकर सोसायटीपुढंच थांबायचा. त्या वर्षी ऊसच नव्हता, कारखाना लवकर बंद झाला, ऊसतोडीला गेलेली माणसं सगळी परत आलेली. पाण्याला ही झुंबड! बायांनी पाइपावरून भांडायचं, हंडे भरायचे, जिन्याखाली ओळीनं ठेवायचे आणि 'आलोच हाओत तर मोजून घिऊ' म्हणत धडधड वर यायचं. मी लगेच दंडाला पट्टा बांधायचे. खाली हंडा कुणी उचलेल म्हणून त्यांना घाई, आणि त्या ओरडतील म्हणून मला.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

पहिली बसली कौसामावशी, माझ्या शेजारच्या गल्लीतली. आकडा चांगलाच वर. दुसरीचा तसाच. तिसरीचा त्याहून वर. सगळं गाव आजारी, आणि हे कळलेली मी एकटी! कॉलेजात शिकलेली मुलगी, त्यामुळे चौकशी पद्धतशीर. मीठ किती खाता, झोप लागते का, पाणी कुठलं पिता?

"दुसरं कुठलं हाय पोरी? टँकरचंच की."

मी 'अच्छा' म्हटलं आणि पुन्हा मशीनकडं पाहिलं. बास. शपथेवर सांगते, एवढंच केलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की टँकरच्या पाण्यात काहीतरी हाय. कुणी विचारलं, ताई असं म्हणाली का? तर कौसामावशीनं पारावर साक्ष दिली की पोरगी बोलली काहीच न्हाई, पण तोंड असं पाडलं, जशी मी गेलेच.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. हॉर्न वाजवून ड्रायव्हर दमला. एक हंडा बाहेर येईना. लोकांनी आटलेल्या विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी गाळून, पुरवून पुरवून वापरलं आणि टँकर भरलेला परत गेला.

मग चेअरमनकाका जिना चढून वर आले. सोसायटीचे चेअरमन तेच, वाचनालयाचे अध्यक्षही तेच.

"ताई, उद्या बी असाच गेला तर तहसीलला वाटल गावाला पाणी नको हाय. खेप दुसऱ्या गावाला लावतील. मग आमी काय पुस्तकं पिळून प्यायची का?"

मी रडत रडत आरोग्य केंद्राला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरमॅडम आल्या. खाली टँकर भरलेला उभा. वर बाया वेणीफणी करून, शांतपणे रांगेत. मॅडमनी एकेकीचं मोजलं. सगळ्यांचं व्यवस्थित!

माझ्या जिवात जीव येणार, तेवढ्यात कौसामावशी मागं वळून म्हणाली, "बघा. पाणी सोडलं अन् उतरलं."

चेअरमनकाका मटकन बाकावर बसले.

मॅडमनी मला विचारलं, आधी मोजलं ते कधी, कसं? मी सगळं सांगितलं. त्या जिन्यापर्यंत जाऊन खाली बघून आल्या. मग कौसामावशीला म्हणाल्या, "मावशी, खाली जा, हंडा भरा, जिन्याशी ठेवा आणि वर या. पाणी मात्र पिऊ नका."

"पिते कशाला? जड झालाय का मला जीव?"

ती धापा टाकत वर आली. मशीन लावलं. आकडा वर!

"घोटभर प्यायलात?"

"थेंब न्हाई."

"मग पाण्यानं कसं वाढलं?"

मॅडमनी तिला पाच मिनिटं तशीच बसवली. आकडा मुकाट खाली आला. पळून, भांडून, जिना चढून आलं की कुणाचाही वाढतो, मॅडम म्हणाल्या. मोजायच्या आधी माणसाला शांत बसवायचं असतं.

माझ्या डोक्याच्या बरोबर वर पाटी होती, माझ्याच अक्षरातली: 'शांतता राखा.'

तोवर बाया जिन्यावरून खाली गेल्यासुद्धा. पाइपावर भांडण सुरू झालं. चेअरमनकाकांना ते इतकं गोड वाटलं की ते खिडकीत उभं राहून ऐकत होते.

मॅडम मला म्हणाल्या, आलेच आहे तर तुमचंही बघू. मी पाटीखाली पाच मिनिटं बसले. आकडा वर. "तुम्ही खाली गेला होतात?" नाही म्हटलं. आणखी पाच मिनिटं बसवलं. आणखी वर.

आपला दुसरा हंडा भरून आलेली कौसामावशी दारातून बघत होती.

"हिला टँकर लागत न्हाई, डॉक्टरीनबाई. ही बसल्या जागी हंडा घिऊन पळती."

आता बाया आधी पेपर घेऊन पाच मिनिटं बसतात. काहीजणी मथळे मोठ्यानं वाचायला लागल्यात. मशीनचा आकडाही ज्या त्या आपापला वाचतात. तेवढ्या वेळात माझी खुर्ची कपाटाकडं तोंड करून ठेवायची, अशी मॅडमची सूचना आहे. माझं तोंड बघितलं की बीपी वाढतं, हे आधी फक्त कौसामावशीचं मत होतं. आता ते आरोग्य केंद्राचंही आहे.