जावयाने धरलेला मासा

माझा नवरा नुसता घराण्याने नाही, स्वभावानेही शाकाहारी. झुरळ दिसलं तरी तो आधी त्याला दाराची वाट दाखवून बघतो. अशा माणसाला मासेमारीचं वेड लागलं, आणि तेही दुबईत, हे माझ्या माहेरी कुणाला खरं वाटेना.

सगळा दोष त्याच्या साहेबाचा. जबल अली बंदराजवळच्या ऑफिसातला हा साहेब कॅनडाचा. त्याचं लहानपण एका तळ्याकाठी गेलेलं. त्या तळ्यात वॉलआय नावाचा मासा असतो म्हणे. डोळे काचेच्या गोटीसारखे, उन्हाचा तिटकारा, म्हणून पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला तळाशी हिंडणारा. जेवणाच्या सुट्टीत साहेब वॉलआयच्या गोष्टी सांगायचा आणि नवरा डब्यातली मटकीची उसळ खात ऐकायचा. पुढे साहेबाची बदली झाली. जाताना त्याने आपला गळ, काठी आणि आमिषांची पेटी या पट्टशिष्याच्या हवाली केली.

पेटीत खाण्यासारखं आमिष एकही नव्हतं. शिशाचं डोकं आणि रबराची शेपटी असलेले जिग होते, चमच्यासारखे चकाकणारे पत्रे होते, आणि हनुवटीला पारदर्शक जीभ लावलेले प्लास्टिकचे मासे होते. त्या जिभेमुळे दोरी ओढली की मासा खाली सूर मारतो. गढूळ पाण्याला पोपटी रंग, स्वच्छ पाण्याला रुपेरी. मला हे सगळं पाठ झालं, कारण याची तालीम दुबईच्या देरा भागातल्या आमच्या फ्लॅटमधल्या बाथटबमध्ये चालायची. मला कपडे भिजवायला टब मोकळा मिळेना.

त्याच हिवाळ्यात बाबा व्हिजिट व्हिसावर आले. आईचे गुडघे विमानाला राजी नव्हते, म्हणून एकटेच. बाबा रत्नागिरीकडचे निवृत्त शिक्षक आणि मासे खाण्यातले दर्दी. आमच्या लग्नाच्या पंगतीत ते सगळ्यांदेखत बोलून गेले होते, "मुलगा सोन्यासारखा आहे, पण माझ्या लेकीच्या ताटातला मासा गेला." खरं तर कुठेही गेला नव्हता. माझी वेगळी कढई होती, आणि मी सुरमई तळायला घेतली की नवरा मुकाट्याने खिडकी उघडायचा. पण ते वाक्य त्याला लागलं होतं. बाबा यायच्या आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "ते परत जायच्या आत मी त्यांना माझ्या हाताने धरलेला मासा खायला घालणार." मी खो खो हसले. तो हसला नाही, तेव्हा हे प्रकरण साधं नाही हे माझ्या लक्षात आलं.

पहिल्याच सकाळी बाबा अंघोळीला गेले आणि आतून ओरडले, "अगं, टबात मासा आहे!"

नवरा धावला. "बाबा, तो ल्युअर आहे. ॲक्शन चेक करत होतो."

बाबांनी तो चिमटीत उचलला, सवयीने कल्ला उघडून बघायला गेले आणि चिडले. "खोटा मासा दाखवून खरा धरायचा? मासे काय इतके खुळे असतात?"

"भूक लागलेली नसली तरी चालतं, बाबा. साहेब म्हणायचा, त्याला चिडवायचं. सारखं तोंडापुढे नाचवलं की वैतागून चावतो."

"मग तुम्हाला जमेल," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "घरी प्रॅक्टिस आहे."

सासरा-जावई पहिल्यांदाच एकत्र हसले, आणि तेही मला. मी दोघांना चहा उशिरा दिला.

पहिल्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही तिघं उजाडता उजाडता जबल अलीकडच्या दगडी बांधावर पोचलो. बाबांनी पिशवीतून शेंडीचा नारळ काढला. समुद्राला नारळ दिल्याशिवाय मासेमारीला हात लावायचा नाही, हे त्यांचं म्हणणं. नारळ वाहिला, हात जोडले, नवऱ्याने प्लास्टिकचा मासा लांब फेकला आणि ओढायला लागला. तोच काठी वाकली. "मोठा आहे! हेवी आहे!" बाबा दगडांवरून उड्या मारत आले, मी ओढणी कमरेला खोचली. बऱ्याच झटापटीनंतर गळाला शेंडीने लटकलेला आमचाच नारळ वर आला.

"समुद्राला दिलेलं परत घ्यायचं नसतं," बाबा गंभीरपणे म्हणाले. नवऱ्याने शेंडीतून गळ सोडवला आणि माफी मागून नारळ पुन्हा पाण्यात टाकला.

नंतरचे शुक्रवार कोरडेच गेले. साहेबाचे निम्मे जिग दगडांच्या फटींत अडकून राहिले. मी दर वेळी वाटण करून ठेवायची आणि दुपारी देऱ्याच्या मार्केटातलाच मासा त्यात पडायचा. बाबा जेवायचे, पण बर्फातल्या माशाला चव नसते हे ऐकवायचे. नवरा वरण-भात कालवत खाली मान घालून ऐकायचा. मला बाबांचा राग यायचा आणि त्याची कीव.

शेवटच्या शुक्रवारी त्याने पोपटी शेपटीचा जिग लावला. तळाला टेकू द्यायचा, दोरी सैलावली की काठीचं टोक वीतभर उचलायचं, पुन्हा अलगद सोडायचं. मासा धरतो तो जिग खाली जाताना, आणि कळतं ते इतकंच की दोरी किंचित जड झाली. ती झाली. काठी कमानीसारखी वाकली, नवरा दात-ओठ खात मागे सरकला, आणि चांगला हातभर लांब, ठिपक्याठिपक्यांचा हमूर दगडांवर येऊन धपाधप आपटायला लागला.

"अरे, हा तर आपला गोबरा!" बाबा आनंदाने ओरडले.

मासा तोंड उघडत होता, मिटत होता.

"आता काय करायचं?" नवऱ्याने विचारलं. "साहेब तर धरून सोडून द्यायचा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू साफ करतेस ना?"

"मी मेलेले साफ करते, बाबा!"

बाबा खाली वाकले. त्यांनी जन्मभर मासे घेतले ते मासेवालीच्या पाटीतले. "ताजा म्हणजे..." ते पुटपुटले, "इतका ताजा मी कधी बघितला नव्हता."

नवऱ्याने हात ओले करून गळ काढला. "तुमच्यासाठी धरलाय, बाबा. तुम्ही सांगाल ते करतो." आणि त्याने केलं असतं, याची मला खात्री होती.

बाबा त्या वेळी माशाकडे बघत नव्हते, जावयाकडे बघत होते. "सोडा त्याला, जावईबापू. यल्ला, यल्ला, लवकर!"

नवऱ्याने मासा पाण्यात धरला. त्याने एकदा शेपटी हलवली आणि खलास, दिसेनासा झाला. दुपारी आम्ही तिघांनी पिठलं-भात खाल्ला.

संध्याकाळी बाबांनी आईला फोन लावला. नवरा समोर विळीवर काकडी चोचवत बसला होता.

"हो, जावयांनी धरला! एवढा!" बाबांनी फोन खांद्यात दाबून दोन्ही हात फाकवले, जसं काही आईला रत्नागिरीत दिसणार होतं. "म्हणजे काय, खाल्ला तर! हिने कालवण केलं. थांब, त्यांनाच विचार."

त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला. आईला कालवण कसं झालं होतं ते ऐकायचं होतं, आणि याने उभ्या जन्मात मासा जिभेवर ठेवलेला नाही. त्याने विळी बाजूला सारली, फोन घेतला, बाबांकडे बघितलं. बाबांनी मान डोलावली.

"आई," तो म्हणाला, "बाबांनी दोनदा रस्सा मागून घेतला."

बाबांनी घाईघाईने तीन बोटं दाखवली.

"सॉरी, आई. तीनदा."