पीठ संपलं का?

आमच्या ब्रिटन-आयर्लंडच्या सहलीचा मार्ग मी आखला नाही आणि माझ्या नवऱ्यानेही नाही. तो बहारीनमधल्या मराठी आयांनी आखला. जुलैच्या सुट्टीत आम्ही तिकडे निघालोय ही बातमी नवऱ्याने आनंदाच्या भरात मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले. एडिनबरोला जाणारच असाल ना, लेक आहे तिथे, एवढीशी चटणी न्याल का? कार्डिफ तर वाटेतच लागेल. कार्डिफ कशाच्याही वाटेत लागत नाही, हे मी नकाशा उघडून दाखवलं. पण माझा नवरा अस्करच्या ॲल्युमिनियम कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि दिवसभर भट्टीपाशी उभा राहून न वितळणारा हा माणूस कुणाचीही आई समोर आली की वितळतो. "यल्ला, चला, देऊ की," एवढंच तो म्हणतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची त्याला जन्मजात हौस आहे.

एरवी मी आकांडतांडव केलं असतं. या वेळी गप्प बसले, कारण माझा स्वतःचा एक बेत होता.

आमची लेक बारावीत जाणार होती. इथल्या मुलांना बारावीनंतर कुठेतरी जावंच लागतं, त्यात नवीन काही नाही. मला वाटत होतं तिने पुण्याला जावं. तिथे माझी बहीण आहे, आंबेमोहोर मिळतो आणि लेक आजारी पडली तर मी एका विमानात बसून पोचू शकते. लेकीला मात्र ब्रिटन किंवा आयर्लंडच हवं होतं. नाही म्हणावं तर घरात महिनाभर अबोला. म्हणून मी ठरवलं की नाही म्हणायचंच नाही. तिला तिकडे न्यायचं आणि तिची हौस पुरती फेडायची. शाळेची सुट्टी उन्हाळ्यात, त्यामुळे कडाक्याची थंडी काही मिळणार नव्हती. निदान भिजवणारा पाऊस, झोंबणारा वारा आणि लिफ्ट नसलेल्या इमारतींमधल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या एवढं तरी मी मन लावून बुक केलं. त्यात आता ज्यांना डबे पोचवायचे ती मुलं आयतीच हाती आली होती. घरापासून दूर, रडवेली, ब्रेड खाऊन कंटाळलेली. त्यांच्याकडे बघून लेक आपणहून पुण्याचं नाव घेईल, असा माझा हिशेब होता.

निघायच्या आधी नईम भागातली आमची जुनी शेजारीण आली. आम्ही पूर्वी तिच्या समोरच्या घरात राहायचो. ती मूळची कुडाळकडची, नवरा सित्र्याच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. तिचा मुलगा निम्मा आमच्याच घरी वाढला. तो डावखुरा. जेवताना डावा हात पुढे आला की ती चापट मारायची, आणि मग तो आमच्याकडे येऊन खुशाल डाव्या हाताने जेवायचा. आता तो गॉलवेला शिकत होता. तिने माझ्या हातात आमसुलांच्या पुडीसकट कुळथाच्या पिठाची चांगली टम्म पिशवी ठेवली.

"तेचा पीठ संपला असतला," ती म्हणाली. "पिठी नि भात गावलो की तो खंयव ऱ्हवात."

कुणीही तिकडे जायला निघालं की ती त्याच्या गळ्यात अशी एक पिशवी घालतेच, हे मला माहीत होतं.

सहलीत पहिला दगा मला स्कॉटलंडने दिला. एडिनबरोला असं लख्ख, कोवळं ऊन पडलं होतं की तिथले लोकसुद्धा एकमेकांचं अभिनंदन करत होते. आमच्याकडे जुलैत गाडीचं दार उघडताना हात भाजतो. तिथे लेक हिरवळीवर आडवी झाली ती उठेचना. चटणीवाली मुलगी भेटली ती गुटगुटीत. "जेवणाचे हाल होत असतील ना गं?" मी आशेने विचारलं. ती म्हणाली, "नाही हो काकू, आम्ही चौघी आळीपाळीने करतो," आणि वर मला राजमा वाढला. कार्डिफचा मुलगा तर दोन मित्रांना घेऊन डबा न्यायला आला आणि आमच्यासमोरच चकल्या संपवून मोकळा झाला. माझे साक्षीदार असे एकेक करून फितूर होत होते.

मधल्या काळात नवरा गाडी चालवत होता. बहारीनमध्ये सगळी हयात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवलेली. त्यामुळे रोज सकाळी तो ऐटीत चुकीचं दार उघडून माझ्या सीटवर बसायचा आणि स्टिअरिंग शोधायचा. वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावायचा. कोरड्या ठणठणीत काचेवर वायपर फिरायला लागले की मागच्या गाड्यांना कळायचं की आता हे महाशय वळणार. लेक मागे बसून हसून हसून बेजार. ती इतकी खूश मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच येत होता.

वेल्समधून गाडीसकट जहाजात बसून आम्ही डब्लिनला उतरलो आणि अखेर माझा पाऊस आला. आडवा, बोचरा, छत्री उलटी करणारा. मी मनातल्या मनात हात जोडले. लेक म्हणाली, "आई, धिस इज अमेझिंग," आणि छत्री बंद करून भिजत उभी राहिली. वाळवंटात वाढवलेल्या मुलीला पावसाची भीती घालायला निघालेली मी एकटीच शहाणी.

मग गॉलवे आलं.

शेजारणीचा मुलगा सुट्टीत घरी न जाता तिथल्या एका सुपरमार्केटमध्ये काम करत होता. दार उघडलं आणि तो मला एकदम लहान दिसला. गालफडं बसलेली, शर्ट अंगावर लोंबतोय. "या ना मावशी," म्हणाला आणि बाजूला सरकला. मी पिशवी पुढे केली. ती ठेवायला त्याने स्वयंपाकाच्या कोपऱ्यातलं कपाट उघडलं, आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. कपाटात कुळथाच्या पिठाच्या पिशव्या ओळीने उभ्या होत्या. एकीचीही गाठ सुटलेली नव्हती.

"मला पिठी करता येत नाही," तो म्हणाला. "आई विचारते, पीठ संपलं का. मी हो म्हणतो. मग ती अजून पाठवते."

"अरे, मग विचार ना तिला कशी करायची."

"आता कसं विचारू? आधीचं सगळं कुणी खाल्लं म्हणून सांगू?" असं म्हणत तो हसायला गेला आणि त्याचे डोळेच भरून आले. तो पाठ फिरवून उगाच कपाट नीट लावत बसला.

मला हवा होता तसा साक्षीदार अखेर मिळाला होता. मी लेकीकडे पाहिलं. ती माझ्याचकडे बघत होती. हळूच म्हणाली, "आई, डू यू नो हाउ टू मेक इट?"

मी पुण्याची. मला बेसनाचं पिठलं येतं, कुळथाची पिठी मी आयुष्यात केली नव्हती. पण त्या कपाटासमोर उभं राहिल्यावर माझा बेतच मी विसरले. मी नईमला व्हिडिओ कॉल लावला आणि शेजारणीला म्हटलं, "तुमचा लेक कामावर गेलाय, आम्ही त्याच्या खोलीवर आहोत. तो यायच्या आत पिठी करून ठेवावी म्हणते. सांगा बघू कशी करायची."

ती हरखली. नवऱ्याने फोन फक्त कढईवर रोखून धरला. मुलगा ओट्याशी उभा राहिला, फोनमध्ये दिसणार नाही असा अंग चोरून. नईमच्या स्वयंपाकघरातून सूचना येत होत्या. लसूण ठेचा, कापू नका. फोडणी करपवू नका. आमसुलं आत्ता नको, नंतर. पाणी उकळलं की पीठ पेरत जा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. "झालं हो, ढवळते," असं मी उत्तर द्यायची आणि ढवळायचा तो. लेक पीठ पेरत होती. तिने एकदम भसकन ओतलं आणि गुठळ्या झाल्या. मुलगा त्या चमच्याने भराभर मोडायला लागला. "असूंदे वैनी," फोनमधून आवाज आला. "पयल्या येळाक सगळ्यांच्या होतत."

मग आम्ही गुठळ्यांसकट पिठी-भात जेवलो. त्याने तीनदा वाढून घेतलं आणि लेक त्याच्याशी चक्क मराठीत बोलत होती. घरी मी मराठीत विचारलं तर मला इंग्रजीत उत्तर मिळतं.

परत आल्यावर मी नईमला गेले. शेजारणीने चहा केला. मी साखर ढवळत सांगत होते की मुलगा मजेत आहे, तब्येत उत्तम आहे. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"वैनी, तुमी उजव्या हातान ढवळतास," ती शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी चमचो डाव्या हातान फिरा होतो."

मी कप खाली ठेवला. मग सगळं सांगितलं, कपाटासकट. तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

"पीठ संपणा नाय, ता माका ठावक होता. तेका करूक येणा नाय तर संपतला खंयसून?"

"मग पाठवता कशाला?"

"काय करू? कसो आसस म्हणान विचारला, तर बरो आसंय म्हणता नि फोन ठेवता. पीठ संपला काय म्हणान विचारला, तर बराच येळ बोलता. खोटा बोलूक येळ लागता ना." ती जरा हसली, मग म्हणाली, "आता तुमी तेका शिकवलास. आता खराच संपतला. माका दुसरा कायतरी सोदूक व्हया."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला तिची क्षमा मागावी की तिला मिठी मारावी तेच कळेना. शेवटी गार झालेला चहा प्यायले आणि घरी आले.

लेक जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून माझीच वाट बघत होती. तिचा निर्णय झाला होता, गॉलवे. तिने तो एका दमात सांगून टाकला आणि भांडायच्या तयारीने माझ्याकडे पाहिलं. मला रडू येत होतं. मी म्हटलं, "बरं. जा."

ती गोंधळली. मी स्वयंपाकघरात जाऊन भाजणीचा डबा खाली काढला आणि किती उरली आहे ते पाहिलं.

"तू गेलीस की तुला भाजणी पाठवत जाईन," मी म्हटलं. "कुणी ना कुणी जात असतंच."

"आई, आय डोन्ट इव्हन लाइक थालीपीठ."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "म्हणूनच पाठवणार."