वाकड्या शेपटीची कबूतरं

सेंडाईत दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा कुराता तोमेजी हिवाळ्यात काम थंडावलं की गाडीत बसायचा आणि गावोगावची जुनी खेळणी वहीत चितारत हिंडायचा. बायको म्हणे, "लोक उतारवयात देवाला जातात, आमचे हे खेळायला."

असाच तो एकदा पार उत्तरेला, त्सुगारूतल्या मिनेआजींकडे पोचला. आजी मातीची कबूतरं करायच्या, शेपटीत फुंकलं की घुमणारी. पोराच्या घशात घास अडकू नये, असा तोडगा म्हणून तिकडं घरोघरी ती लागतातच. त्या दिवशी चांगली सगळी विकली गेली होती. वाळताना शेपूट मुरडलेलं एक तेवढं फळीवर पडलं होतं. तोमेजीनं शेगडीपाशी बसून त्याचंच चित्र काढलं.

पुढे त्याच्या चित्रांचं पुस्तक निघालं, बऱ्यापैकी खपलंही. नंतर तो पुन्हा त्सुगारूला गेला, तर आजींनी उंबऱ्यातच धरलं.

"या. तुमच्या पुस्तकापायी टोकियोची माणसं येतात आणि माझ्या चांगल्या कबूतरांना खोटी म्हणतात. खऱ्याची शेपूट म्हणे वाकडी असते."

"मग काय सांगता त्यांना?"

"सांगायचंय काय? वाकवून देते. पण जन्मभर सरळ करत आलेला हात ऐकतो होय?"

तोमेजी ओशाळला. "नव्या आवृत्तीत सरळ काढतो, आजी."

"खबरदार. आत वाकड्यांचे ढीग वाळतायत, ते कोण नेणार? आलाच आहात तर बसा, त्यांना डोळे काढा."

इतकी वर्षं खेळणी चितारली, पण एकाही खेळण्याला त्यानं कधी रंग लावला नव्हता. पहिले डोळे बघून आजींनी ओल्या फडक्यानं पुसले.

"हे पाटीवरचे डोळे झाले. लांबून दिसायला. पोर नाकाशी धरून बघतं."

त्यानं पुन्हा काढले, आजींनी पुन्हा पुसले. संध्याकाळी कधीतरी त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. कबूतरांचं पुढचं ताट त्याच्याकडे सरकवलं. त्याला आतून इतकं बरं वाटलं की परतीची गाडी चुकल्याचंही दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

त्यानंतर दर हिवाळ्याला तो थेट तिथंच जाऊ लागला. आजींची नजर अधू झाल्यावर डोळ्यांचं काम सगळं त्याच्याकडेच आलं. उत्तरेकडच्या कितीतरी गावांतली खेळणी चितारायची राहिली होती, ती राहूनच गेली.