माझ्या नावावरचं इन्सुलिन

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या सिम्युलेशन लॅबमध्ये कॉटवर रबरी पुतळा असायचा आणि उशाशी कॉम्प्युटर. पुतळ्याला पेशंट समजून तपासायचं, औषध द्यायचं आणि लगेच कॉम्प्युटरवरच्या केसपेपरमध्ये नोंद करायची. प्रत्येकीला वेगळा पासवर्ड होता. पण कॉम्प्युटर उघडायला वेळ लागतो म्हणून मॅडमनीच ठरवून दिलं होतं, की पहिली येईल तिनं लॉगिन करायचं आणि बाकीच्यांनी त्यावरच काम चालवायचं. मी वैरागहून पहिल्या एसटीने यायचे. त्यामुळे सगळ्यांच्या नोंदी माझ्याच नावावर पडायच्या.

वॉर्डात पाठवण्याआधीच्या परीक्षेत आम्हा तिघींना मिळून एक पेशंट होता. शुगर साठवर उतरलेली असताना ती न बघताच एका मैत्रिणीने त्याला इन्सुलिन दिलं. चांगल्या नोंदींचे मार्क तिघींना मिळाले. चूक तेवढी माझी एकटीची ठरली आणि वॉर्डाच्या यादीतून माझं नाव गेलं.

मॅडमनी निकाल वाचला तशी ती मैत्रीण सरळ उभी राहिली. "मॅडम, इन्सुलिन मी दिलं. ही तवा हात धूत होती."

"इथं तुझं नाव दिसत नाही."

"आमी हिच्याच लॉगिनवर केलं की. तुमीच तसं सांगितलंय."

"नोंद बदलता येत नाही. बस खाली."

समोर उभं राहून माणूस कबूल करतंय, आणि मॅडम पडद्याकडे बघतायत. मला रडू नाही आलं, डोकं तापलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील चिंचोळीच्या कारखान्यात सगळ्यांना सांगून बसले होते, पोरगी आता दवाखान्यात जाणार. त्यांना काय सांगू, पुतळ्याची शुगर उतरली म्हणून?

दुसऱ्या दिवशीही मी पहिलीच पोचले, पण कॉम्प्युटरला हात लावला नाही. मुली जमल्या, मॅडम आल्या.

"उघड की. कशाची वाट बघतेस?"

"माझं काम आलं की उघडते, मॅडम. झालं की बंद करते."

"लई शहाणी झालीस."

थोड्या वेळाने मैत्रिणीने स्वतःचा पासवर्ड टाकला, तिचं झाल्यावर पुढचीने आपला. त्या दिवसापासून तसंच चालू झालं. मला मात्र वॉर्डात पुढच्या तुकडीबरोबरच पाठवलं.

त्या कॉलेजने मला नर्स केलं, हे मी विसरत नाही. पण ती नोंद अजून तिथं माझ्याच नावावर आहे, आणि ते इन्सुलिन मी दिलेलं नाही.